एका बिंदूवरचे दोन चढ

नागपूरच्या झिरो माइलपाशी आलेला माणूस चार घोड्यांसमोर उभा राहून फोटो काढतो, आणि हाच देशाचा मध्यबिंदू असे कोणीतरी कोणाला तरी हमखास सांगते. त्या वादात मला पडायचे नाही. मला रस आहे तो तिथल्या उंचीखुणेत. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातली, १९०७ सालची ही खूण. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे ३११ मीटरला किंचित कमी. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत, मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नेमका आकडा.

एवढ्या नेमक्या आकड्यातूनही एक साधी गोष्ट कळत नाही. इथून पुढे जमीन चढते की उतरते? सीताबर्डीकडे गेले तर काय, रेल्वे स्टेशनकडे गेले तर काय? उंचीचा आकडा त्या एका जागेपुरता असतो. चढ कळायचा तर शेजारच्या जागेची उंची लागते, आणि शेजार कोणत्या बाजूचा घ्यायचा हे आधी ठरवावे लागते. या पुस्तकाचा सगळा विषय या ठरवण्यात आहे.

दहावीच्या भूमितीत आपण ‘रेषेचा चढ’ शिकतो. बारावीत वक्राच्या एका बिंदूवर स्पर्शिका काढतो आणि तिचा चढ म्हणजे अवकलज असे शिकतो. दोन्ही ठिकाणी वाट एकच असते: पुढे जा किंवा मागे या. पण टेकडी ही वाट नव्हे. टेकडीवर उभे राहिले की दिशांना अंत नसतो आणि दर दिशेला चढ वेगळा असतो. ‘या जागेचा चढ किती’ हा प्रश्न तिथे अर्धवट ठरतो. त्यात ‘कुठल्या दिशेने’ हे घालावेच लागते.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, आमच्याकडे मुले ज्याला ‘एम-वन’ म्हणतात त्या विषयात, पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणजेच आंशिक अवकलज येतात. ‘य स्थिर समजा आणि क्ष च्या सापेक्ष अवकलन करा’ एवढी सूचना मिळते आणि मुले ती बिनचूक पाळतात. ऑयलरचे सजातीय फलनांचे प्रमेय परीक्षेत येते, तेही सोडवतात. पण जे काढले ते नक्की कशाचे माप आहे असे विचारले की वर्ग शांत होतो. यात मुलांचा दोष मला दिसत नाही. य स्थिर समजणे ही बीजगणितातली सोय आहे असे त्यांना वाटते, कारण आपण ती तशीच शिकवतो. खरे तर ती हातात सुरी घेण्याची सूचना आहे.

सेमिनरी हिल्सचा एक भाग डोळ्यांपुढे आणा. नकाशावरची पूर्व दिशा म्हणजे क्ष, उत्तर म्हणजे य आणि प्रत्येक जागेची उंची हे त्या दोघांचे फलन. आता एका बिंदूतून, बरोबर पूर्व-पश्चिम, टेकडी उभी कापा. य स्थिर ठेवणे म्हणजे हा काप. कापलेल्या कडेवर टेकडीची एक रेघ उमटते, आणि ही रेघ म्हणजे बारावीतला ओळखीचा वक्र. तिच्यावर स्पर्शिका काढा, चढ मोजा. हा झाला क्ष च्या सापेक्ष आंशिक अवकलज. मग त्याच बिंदूतून उत्तर-दक्षिण कापा आणि दुसऱ्या कडेचा चढ मोजा. एक बिंदू, दोन काप, दोन चढ. आंशिक अवकलजाची एवढीच व्याख्या आहे. ‘आंशिक’ अशासाठी, की प्रत्येक काप टेकडीचा एकच अंश दाखवतो.

असा काप प्रत्यक्ष भूमीवर घेण्याचा आपल्या भागातला सर्वांत भव्य प्रयत्न त्याच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या विल्यम लॅम्बटनचा. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने सुरुवात केली. मद्रासपासून मंगळूरपर्यंत पूर्व-पश्चिम त्रिकोणांची एक साखळी नेली आणि मग दक्षिणेकडून, साधारण ७८ अंश रेखांश धरून, उत्तरेकडे निघाला. रेखांश बदलायचा नाही, फक्त अक्षांश वाढू द्यायचा. त्याला शोध होता तो चढाचा नव्हे, पृथ्वीच्या वक्रतेचा. म्हणजे पुढच्या, दुसऱ्या क्रमाच्या अवकलजाचा. पण पृष्ठ समजून घ्यायचे तर एक निर्देशक गोठवून दुसऱ्याच्या वाटेने चालायचे, ही रीत तीच. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे येत असता तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूरहून वर्धा जिल्ह्यात उतरलेल्या किती जणांना ती ठाऊक असेल, याबद्दल मला शंका आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

आता थोडे आकडे. समजा एका उतारावर आपण उभे आहोत. बरोबर पूर्वेकडे शंभर मीटर गेले की जमीन ३ मीटर खाली जाते. बरोबर उत्तरेकडे शंभर मीटर गेले की ४ मीटर वर. म्हणजे दोन आंशिक अवकलज झाले: उणे ०.०३ आणि अधिक ०.०४. हे दोनच आकडे हाती आहेत. ईशान्येकडचा चढ किती?

कोणी म्हणेल, ईशान्येकडे मोजून पाहावे लागेल. पण तशी गरज पडत नाही. ईशान्येकडे शंभर मीटर जाणे म्हणजे साधारण ७१ मीटर पूर्वेला आणि ७१ मीटर उत्तरेला जाणे. पूर्वेच्या वाटेने २.१ मीटर खाली उतरलो, उत्तरेच्या वाटेने २.८ मीटर चढलो. हाती राहिला जेमतेम ०.७ मीटर चढ. वायव्येला गेलो तर पश्चिमेचाही चढ आणि उत्तरेचाही चढ, मिळून ४.९ मीटर. अशी प्रत्येक दिशा तपासत गेलो तर सर्वांत जास्त चढ शंभराला ५ मीटर निघतो. ३ च्या वर्गात ४ चा वर्ग मिळवला की ५ चा वर्ग येतो, म्हणून हा आकडा गोंडस आला. पायथागोरसचे प्रमेय इथे डोंगरावर भेटते. त्या चढाची दिशा वायव्येच्या जवळ पण थोडी उत्तरेकडे झुकलेली: दर ३ पावले पश्चिमेला ४ पावले उत्तरेला. दोन आंशिक अवकलज असे बाणासारखे जोडले की मिळतो तो ग्रेडियंट, आपल्या भाषेत प्रवणता. बाणाची दिशा म्हणजे चढाची सर्वांत तीव्र दिशा, आणि बाणाची लांबी म्हणजे तो चढ.

याच उतारावर ४० मीटर पूर्वेला आणि ३० मीटर उत्तरेला गेलात तर काय होईल? पूर्वेकडे १.२ मीटर उतरलात, उत्तरेकडे १.२ मीटर चढलात. जिथे होतात त्याच उंचीवर आहात. ही दिशा प्रवणतेशी काटकोन करते. नकाशावरची समोच्च रेषा याच दिशेने धावते. प्रवणतेच्या दिशेपासून ६० अंश वळलेली वाट धरली तर चढ बरोबर निम्मा होतो. रामटेकच्या गडावर पायऱ्यांनी जाणारा आणि गाडीने जाणारा एकाच टेकडीवर चढतात. गाडीरस्ता दमवत नाही, कारण तो प्रवणतेला सरळ न भिडता तिच्यापासून वळून जातो.

समोच्च रेषेची दिशा विदर्भातल्या शेतकऱ्याला गणित न शिकताही सापडते, आणि ती शोधण्याचे साधन पाहण्यासारखे आहे. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. तीन तालुक्यांपैकी एक अमरावती जिल्ह्यातला वरुड. गावकऱ्यांना सलग समतल चर खणायचे होते. चर समोच्च रेषेवर हवा, नाहीतर पाणी एका टोकाला धावते, तिथली माती फोडते आणि चराची नाली होते. रेषा आखायला हायड्रोमार्कर वापरतात: दोन उभ्या पट्ट्या, त्यांवर मापाच्या खुणा आणि दोन्हींना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक जण पट्टी धरून उभा राहतो. दुसरा पट्टी घेऊन उतारावर थोडा वर, थोडा खाली सरकतो. दोन्हीकडे नळीतले पाणी एकाच खुणेवर आले की तिथे फक्कीची खूण. मग पहिला पुढे जातो. नळीत बुडबुडा राहिला तर सगळे चुकते, म्हणून पाणी भरतानाच तो काढतात. त्या दुसऱ्या माणसाचे वर-खाली सरकणे म्हणजे ज्या दिशेला चढ शून्य ती दिशा शोधणे. प्रत्येक पावलावर एक समीकरण सुटते आणि कागदावर काही लिहावे लागत नाही.

पण एक प्रश्न मागे राहिला, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तिथे आहे. दिशा अगणित, मग दोनच चढांवरून सगळ्या दिशांचे चढ कळतात ही लबाडी कशी खपली? उत्तर असे की टेकडी जवळून सपाट असते. बिंदूच्या जितके जवळ जाल तितका तिचा फुगवटा दिसेनासा होतो आणि शेवटी हाती उरते तिरपी फरशी. गणितात तिला स्पर्शप्रतल म्हणतात. तिरपी फरशी बसवायला गवंड्याला दोन दिशांचे उतार पुरतात. तिसऱ्या दिशेचा उतार आपोआप ठरतो. वर आपण पूर्वेचा आणि उत्तरेचा हिशेब करून त्यांची बेरीज केली ती या फरशीच्या भरवशावर.

भरवसा नेहमी खरा ठरतोच असे नाही. एक चौक घ्या. त्यातून पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण दोन रस्ते जातात, दोन्ही अगदी सपाट. चारही कोपऱ्यांत एक मीटर उंच जोत्यावर घरे. रस्त्यांची रुंदी शून्य मानली तर चौकाच्या मध्यबिंदूवर दोन्ही आंशिक अवकलज अस्तित्वात आहेत आणि दोन्ही शून्य आहेत. हिशेब सांगेल की ईशान्येकडेही जमीन सपाटच. पण ईशान्येकडे पाऊल टाकले की गुडघा जोत्यावर आपटतो. दोन काप सरळ निघाले, म्हणजे पृष्ठ गुळगुळीत आहे असे होत नाही. बरीच पाठ्यपुस्तके ही बाब तळटीपेत ढकलतात. या पुस्तकात तिला पूर्ण प्रकरण दिले आहे, कारण ‘अवकलनक्षम’ या शब्दाची गरज इथे पहिल्यांदा पटते. आंशिक अवकलज आसपास सर्वत्र असतील आणि सलग बदलत असतील, तर जोते मध्ये येत नाही. एवढे प्रमेय इथे सांगून ठेवतो, सिद्धता आत आहे.

दोन्ही चढ शून्य आले की शिखर गाठले, असा एक समज विद्यार्थ्यांत पक्का असतो. तो मोडायला सीताबर्डी पुरे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रज आणि भोसले यांची लढाई झाली ती तिथल्या दोन टेकड्यांवर, एक मोठी आणि एक छोटी. दोन शिखरे जवळजवळ असली की मध्ये कुठेतरी खिंड असतेच. एका शिखरावरून दुसऱ्याकडे जाताना खिंड हा वाटेतला सर्वांत खालचा बिंदू. पण खिंडीतून आडवे, एका दरीतून दुसऱ्या दरीत जाताना तोच सर्वांत वरचा. तिथेही दोन्ही चढ शून्य, तिथेही स्पर्शप्रतल आडवे, आणि शिखर मात्र नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७० मध्ये डोंगर-दऱ्यांवर एक निबंध लिहिला. संपूर्ण गोलावरची शिखरे आणि तळ यांची एकत्र संख्या खिंडींच्या संख्येपेक्षा दोननेच जास्त असते, हे त्याने त्यात मांडले. वीज आणि चुंबकत्वाची समीकरणे मांडणाऱ्या माणसाला टेकड्या मोजाव्याशा वाटल्या, याचे मला फार अप्रूप आहे.

खिंडीबद्दल आणखी एक. नकाशावरच्या उत्तरेला खिंडीची दिशा ठाऊक नसते. शिखरे ईशान्य आणि नैर्ऋत्येला, दऱ्या वायव्य आणि आग्नेयेला असतील, तर पूर्व-पश्चिम कापही सपाट आणि उत्तर-दक्षिण कापही सपाट निघू शकतो. उंची म्हणजे क्ष आणि य यांचा गुणाकार असे पृष्ठ काढून पाहा. दोन्ही कापांवर उंची कायम शून्य. खिंडीचे अस्तित्व तिथे फक्त मिश्र अवकलजात दिसते: पूर्वेकडे सरकत जाताना उत्तरेकडचा चढ किती बदलतो या आकड्यात. पृष्ठाला पडलेला पीळ तो मोजतो.

हे सारे आज नागपुरात रोज, संगणकावर, चालू असते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथे १९८८ पासून आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालयही इथेच, अमरावती रोडवर. जमिनीचा नकाशा करताना उतार लागतोच, आणि तो उपग्रहाच्या उंचीमापनावरून काढण्याची रीत आता सगळीकडे साधारण सारखी आहे. जमिनीवर ३० मीटरच्या चौकटींची जाळी टाकलेली असते आणि प्रत्येक चौकटीला एक उंची. संगणक पूर्वेच्या चौकटीच्या उंचीतून पश्चिमेच्या चौकटीची उंची वजा करतो आणि ६० ने भागतो, कारण त्या दोन शेजाऱ्यांत ६० मीटर अंतर आहे. तसेच उत्तर-दक्षिण. हे दोन आंशिक अवकलज. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे त्या चौकटीचा उतार. आपल्या ३-४-५ च्या उदाहरणातला हिशेब, लाखो वेळा.

इथे मात्र जपून. समजा एका शेजाऱ्याची उंची दोन मीटरने चुकली. नुसत्या उंचीच्या नकाशात ती चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण २ ला ६० ने भागले की ३.३ टक्के येतात, आणि मृदा सर्वेक्षणात उताराचे वर्ग एक टक्क्याच्या आत, एक ते तीन, तीन ते पाच असे असतात. सपाट जमीन एका चुकीसरशी दोन वर्ग वर सरकते. २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून झालेल्या प्रसिद्ध रडार मापनाचे उंचीतील चुकीचे उद्दिष्टच १६ मीटरच्या आत राहण्याचे होते. मेळघाटच्या डोंगरात तेवढे खपते. नागपूरच्या पूर्वेला, नाग नदी जिथे संथपणे कन्हानच्या दिशेने जाते त्या भागात, जमिनीचा खरा उतार शेजारच्या झाडांच्या आणि इमारतींच्या उंचीत हरवून जातो. अवकलन चुका मोठ्या करते, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून पटत नाही. असा एक नकाशा पाहिला की पटते.

आतापर्यंत फलन म्हणजे जमिनीची उंची असे धरले. जमीन सोडली तरी चित्र तेच राहते. कूलरमधून येणारी हवा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल हे दोन गोष्टींवर ठरते: बाहेरचे तापमान आणि हवेतील आर्द्रता. मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या पडद्यातून गेलेली हवा साधारण २४ अंशांपर्यंत उतरू शकते. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के असेल, तर मजल २८ च्या आसपास थांबते. बाहेर बारा अंश थंड, आणि कूलर चार अंश गरम. यावरून ‘तापमान उतरले की कूलर बिघडतो’ असा निष्कर्ष काढणारा माणूस पृष्ठावर तिरपा चालला आणि एकाच दिशेला चाललो असे समजला. मे ते जुलै या प्रवासात दोन्ही चल बदलले. नुसत्या तापमानाचा परिणाम हवा असेल तर आर्द्रता जागची हलता कामा नये. निसर्ग ही अट स्वतःहून जवळजवळ कधीच पाळत नाही, म्हणून प्रयोगशाळा लागते, आणि प्रयोगशाळा नसेल तिथे आंशिक अवकलज.

चिन्हाबद्दल थोडेसे. डीला वरून बाक दिलेले चिन्ह आंशिक अवकलजासाठी लजांद्रने १७८६ मध्ये वापरले आणि मग सोडून दिले. १८४१ मध्ये याकोबीने ते पुन्हा उचलले, तेव्हा ते रुजले. मधल्या काळात लोक साधा डी लिहीत आणि काय स्थिर आहे ते संदर्भावरून ओळखत. समोच्च रेषांची कथा याहून रंजक आहे. स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराचे १७७४ मध्ये सर्वेक्षण झाले ते ओळंबा डोंगराकडे किती झुकतो यावरून पृथ्वीचे वजन काढण्यासाठी. आकड्यांच्या गर्दीत डोंगराचा आकार दिसेना, म्हणून चार्ल्स हटनने सारख्या उंचीचे बिंदू जोडले.

पुस्तकाचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. सुरुवात सूत्रांनी नसून नकाशाने होते: भारतीय सर्वेक्षण विभागाचे नागपूरचे जुने टोपोशीट, क्रमांक ५५ ओ/४, प्रमाण एकास पन्नास हजार. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. लगतच्या दोन समोच्च रेषांतला उंचीचा फरक समासात छापलेला असतो; तो २० मीटर असेल आणि रेषा एक सेंटिमीटर अंतरावर असतील, तर तिथला उतार ४ टक्के. पहिली दोन प्रकरणे पट्टी आणि पेन्सिल घेऊनच वाचायची आहेत. तिसऱ्यात काप आणि व्याख्या, चौथ्यात स्पर्शप्रतल आणि तो चौक, पाचव्यात खिंड. अवकलनाचे नियम सहाव्या प्रकरणापर्यंत येत नाहीत. परीक्षा तोंडावर असेल त्याने थेट सहाव्यावर जावे, उदाहरणे तिथे भरपूर आहेत. मात्र चौथ्यातला चौक पाहिल्याशिवाय आठव्यातली साखळी-नियमाची सिद्धता कळणार नाही.